नाशिकहून किनारा रंगवायला निघताना

नाशिकहून त्र्यंबक-जव्हारमार्गे डहाणू साधारण दीडशे किलोमीटर. घाट उतरून सपाटीला लागलं की हवा दमट होते, आणि हा बदल सर्वांत आधी कागदाला कळतो. मार्चच्या दुपारी नाशिकमध्ये आकाशाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ हात, दोन-तीन मिनिटांत वाळतो. तोच कागद आणि तोच रंग डहाणूच्या वाळूवर सकाळी पंधरा-वीस मिनिटं ओला राहू शकतो. गोदाघाटावर चांगली स्थळचित्रं करणारी माणसंही पहिल्यांदा किनाऱ्यावर गेली की आकाश समुद्रात आणि समुद्र होडीत उतरलेलं चित्र घेऊन परततात. कोरड्या हवेत बसलेल्या हाताला थांबायची सवयच नसते.

याचा अर्थ नाशिकचा सराव वाया जातो असा नाही. किनाऱ्याच्या चित्रातल्या बऱ्याच अडचणी इथेच, पाण्याकाठी बसून सोडवता येतात. समुद्राजवळ फक्त भरती-ओहोटी, वारा आणि दमट हवा एवढंच नवीन शिकायला उरलं पाहिजे. सगळं एकदम शिकायला गेलात तर दीडशे किलोमीटरचं पेट्रोल फुकट.

एका फेरीला एकच माध्यम

जलरंग आणि तैलरंग दोन्ही पिशवीत कोंबून निघू नका. दोघांचा क्रम उलटा आहे. जलरंगात कागदाचा पांढरा हाच उजेड, त्यामुळे फिकटाकडून गडदाकडे जायचं आणि फेसाचा पांढरा पहिल्यापासून राखायचा. तैलरंगात गडद आकार आधी आणि फेस सर्वांत शेवटी, जाड रंगानं. सकाळी एक आणि दुपारी दुसरं केलं तर नवशिक्याचा हात गोंधळतो, आणि ओझंही दुप्पट होतं.

सुरुवात कशानं करावी? नाशिकला जलरंगातल्या निसर्गचित्राची चांगली परंपरा आहे, शिवाजी तुपे यांचं नाव इथे प्रत्येक कलाविद्यार्थ्याच्या कानावर पडलेलं असतं, त्यामुळे बहुतेक जण आपसूक जलरंगांकडे वळतात. सामान हलकं, चित्र लगेच वाळतं, बसमध्ये नेता येतं. पण समुद्र हा विषय तैलरंगाला जास्त सोपा जातो, हे आमचं स्पष्ट मत आहे. लाट चुकली तर खरवडून पुन्हा घालता येते. जलरंगात गेलेला पांढरा परत येत नाही. तेव्हा नाशिकमधला सराव जलरंगात करा, म्हणजे छटा (रंग किती फिकट, किती गडद ते) ओळखायची शिस्त लागेल, आणि पहिल्या दोन-तीन किनारा फेऱ्यांनंतर तैलरंगाची पेटी उचला.

जलरंगाचं सामान

कागद 300 जीएसएमचा, कोल्ड प्रेस्ड (मध्यम खरखरीत) पोताचा घ्या आणि शक्यतो शंभर टक्के सुती. यात काटकसर करू नका. रंग विद्यार्थी दर्जाचे चालतील, पण लाकडाच्या लगद्याच्या कागदावर ओला वॉश एकसारखा पसरत नाही आणि दुसरा हात मारला की पहिला थर उखडतो. पूर्ण इम्पिरियल शीट 22 गुणिले 30 इंचांचा असतो. त्याचे चार तुकडे केले की 11 गुणिले 15 इंचांचे कागद मिळतात, बाहेर बसून काम करायला हेच माप बरं. कागद हलक्या बोर्डावर चारही बाजूंनी मास्किंग टेपनं चिकटवा. टेप कागदावर अर्धा सेंटिमीटर तरी चढली पाहिजे, नाहीतर दमट हवेत कडा सुटते आणि कागद फुगतो.

ब्रश चार पुरेत: आकाशासाठी एक इंची चपटा किंवा मोठा मॉप (जाड, मऊ केसांचा गोल ब्रश), 12 नंबर गोल, 6 नंबर गोल, आणि दोर-डोलकाठीसाठी लांब केसांचा रिगर. रंगांत अल्ट्रामरीन, सेरुलियन, यलो ऑकर, बर्न्ट सायना, लाइट रेड, लेमन यलो आणि अ‍ॅलिझरिन क्रिमझन. तयार काळा नको. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सायना जवळजवळ समप्रमाणात, पाणी कमी ठेवून मिसळले की होडीच्या बुडाखालची सावली भरण्याइतका गडद रंग मिळतो.

पाणी घरूनच न्या, निदान दीड लिटर, आणि दोन भांडी ठेवा: एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाणी घ्यायला. समुद्राचं पाणी वापरायचा मोह होतो, विशेषतः बाटली संपल्यावर. त्यातलं मीठ वाळताना रंग ओढतं, ठिपके उमटतात, आणि नंतरही पावसाळ्यात तो कागद हवेतला ओलावा धरून ठेवतो.

शिवाय 6बी पेन्सिल, छोटी वही, पाण्याचा स्प्रे, जुना सुती कपडा, चार क्लिपा आणि घडीचं स्टूल. स्टूल शक्यतो रुंद पायांचं, बारीक पाय वाळूत रुततात.

गंगापूर धरण आणि गोदाघाट: सरावाच्या जागा

गंगापूरच्या जलाशयाकाठी जा. धरणाच्या भिंतीजवळ नको, तिथून उठवतात. मागच्या बाजूला पाणी पसरलेलं असतं तिकडे बसा. इथे एकच गोष्ट शिकायची आहे: आडवी रेषा. पलीकडचा काठ कितीही वळणावळणाचा असला, तरी लांबून पाहताना पाण्याला टेकणारी त्याची कड जवळजवळ आडवीच दिसते. नवशिका ती तिरकी काढतो आणि पाणी उतारावर सांडल्यासारखं दिसू लागतं. पट्टी लावून काढा, त्यात कमीपणा नाही. समुद्राच्या क्षितिजालाही पट्टीच लावायची आहे.

दुसरी गोष्ट प्रतिबिंबाची. संथ पाण्यात वस्तूचं प्रतिबिंब तिच्या बरोबर खाली पडतं, सूर्य कुठेही असो. सावली सूर्याप्रमाणे सरकते, प्रतिबिंब सरकत नाही. आणि छटेचा नियम असा: गडद वस्तूचं प्रतिबिंब किंचित उजळ, उजळ वस्तूचं किंचित गडद. जलाशयाच्या काठचं झाड आणि पांढरा बगळा एकाच चित्रात आले तर दोन्ही पडताळून पाहता येतात.

गोदाघाटावर पाण्यापेक्षा ओला दगड पाहा. रामकुंडाच्या आसपासच्या काळ्या पायऱ्या पाणी पडल्यावर अर्ध्या आरशासारख्या होतात: दगडाचा रंग गडद होतो आणि वर आकाशाचा फिका पट्टा चमकतो. ओहोटीनंतरची ओली वाळू नेमकी अशीच वागते. ती तांत्रिक क्लृप्ती घाटावर बसून पक्की करा: आधी गडद उबदार वॉश, तो ओला असतानाच त्यात वरून खाली, उभ्या हातानं आकाशाचा रंग सोडायचा, आणि वाळल्यावर एक-दोन आडव्या रेघा. उभे फटकारे आरसा दाखवतात, आडवी रेघ पृष्ठभाग.

उजेडाचंही गणित आहे. पंचवटी नदीच्या पूर्वेला. सकाळी जुन्या नाशिकच्या काठावर बसलात तर पंचवटीची देवळं उजेडाच्या विरुद्ध, सपाट गडद आकारांत दिसतात. चार वाजल्यानंतर त्याच देवळांवर समोरून ऊन पडतं. दोन्ही वेळा एकाच जागेवरून चित्र करा. पश्चिम किनाऱ्यावर हाच खेळ उलट्या वेळेला होतो: सकाळी सूर्य पाठीमागे, जमिनीकडे, त्यामुळे होड्यांचे रंग स्वच्छ दिसतात, संध्याकाळी सूर्य समुद्रावर, होड्या काळ्या आणि पाणी चांदीचं.

घाटावर स्नान आणि विधी चालू असतात. वाटेत पाय पसरून बसू नका, अंघोळ करणाऱ्यांचे फोटो काढू नका. सिंहस्थाच्या तयारीची कामं चालू असतील तर आधी एक चक्कर मारून मोकळी जागा बघून ठेवा.

मोठ्या आकाशाचा सराव हवा असेल तर निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर. रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, 2020 साली जाहीर झालेली महाराष्ट्रातली ही पहिली जागा. क्षितिज सपाट आणि खाली, वर नुसतं आकाश. अभयारण्य आहे, तेव्हा ठरवून दिलेल्या जागेवरूनच काम करायचं आणि पक्ष्यांच्या जवळ जायचं नाही.

माणसांची डोकी कुठे येतात

हा भाग छोटा आहे, पण किनाऱ्याच्या निम्म्या चित्रांत इथेच घोळ होतो. क्षितिज नेहमी तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असतं. सपाट वाळूवर तुम्ही उभे असाल, तर तुमच्याच उंचीच्या प्रत्येक उभ्या माणसाचे डोळे क्षितिजरेषेवरच येतात, माणूस दहा पावलांवर असो की दोनशे. फक्त पाय वर-खाली होतात: जवळच्याचे खाली, लांबच्याचे वर. स्टुलावर बसलात की डोळ्यांची उंची साधारण एक मीटरवर येते, मग क्षितिज प्रत्येकाच्या कमरेजवळून जातं. लांबच्या माणसाचं डोकं क्षितिजाखाली काढलंत की तो खड्ड्यात उभा दिसतो. होडीची डोलकाठी क्षितिज ओलांडून वर जाते, तीही याच हिशेबानं मोजा.

तिथी पाहून निघा

समुद्राचं वेळापत्रक मोबाइलवर मिळतं, तरी आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब शिकून ठेवा, कॅलेंडरवर एका नजरेत काम होतं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन: पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती, आणि तिच्यापासून साधारण सहा तासांनी, सकाळी नऊच्या सुमारास, ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती, द्वादशीला नऊला. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्हींना पंधरा धरायचं. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हिशेब तोच. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, हे त्यामागचं कारण. हा अंदाज अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. चित्राची योजना करायला तो चालतो, खाडी ओलांडायला नाही.

कोणत्या वेळी काय दिसतं ते आधी ठरवा. ओहोटीला बोर्डीसारख्या सपाट किनाऱ्यावर पाणी खूप लांब जातं. ओल्या वाळूचे पट्टे, कलंडलेल्या होड्या, नांगराचे दोर असं सगळं चित्रासाठी उघडं पडतं. भरतीला लाटा आणि सुरूच्या झाडांपर्यंत आलेलं पाणी. नवशिक्यासाठी ओहोटी चांगली, कारण आकार स्थिर असतात.

पाणी सहा तासांत सारख्या वेगानं चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग दोन आणि शेवटी एक. म्हणजे ओहोटीच्या क्षणाच्या तासभर आधी बसलात आणि तासभर नंतर उठलात, तर दोन तासांत पाण्याची रेघ फारशी हलत नाही. तेच मधल्या दोन तासांत बसलात तर निम्मा समुद्र चित्र संपायच्या आत बदलतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला हा फरक सर्वांत मोठा, अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांगाला, सर्वांत कमी. पहिली फेरी अष्टमीच्या आगेमागे ठेवा.

बसायची जागा वाळूवरच्या वाळक्या शेवाळ-कचऱ्याच्या रेघेच्या वर. ती रेघ म्हणजे मागच्या भरतीनं पाणी कुठवर आलं त्याची खूण. खाडीच्या तोंडाशी बसत असाल तर पाठीमागे वळून बघत राहा. तिथे पाणी समोरून येण्याआधी बाजूच्या ओढ्यातून मागे शिरतं आणि परतीची वाट बंद होते.

ऋतूचं थोडक्यात: नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात समुद्राजवळ बसू नका. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झाकलेल्या असतात. त्या काळात होडीच्या सांगाड्याची रेखाटनं मात्र छान होतात, पावसाची उघडीप मिळाली तर.

जागेवर पोचल्यावर, जलरंगात

पोचल्या पोचल्या कागद उघडू नका. वहीत आगपेटीच्या दुप्पट आकाराची चौकट काढून तीनच छटांत रेखाटन करा: फिकट, मधली, गडद. पाच मिनिटं पुरेत. यात सावल्या कुठे आहेत ते नक्की करा आणि नंतर त्या बदलू नका. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो. दीड तासानं सावल्यांचा पाठलाग केलात तर चित्रात दोन सूर्य येतात.

कागदावर ऊन पडू देऊ नका. उन्हातला पांढरा कागद डोळे दिपवतो, मग आपण प्रत्येक छटा गरजेपेक्षा गडद लावतो आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं. ऊन पाठीवर घ्या किंवा बोर्ड फिरवून स्वतःच्या सावलीत आणा. छत्री लावायची तर पांढरी किंवा काळी. लाल-निळ्या छत्रीचा रंग थेट कागदावर उतरतो. भडक शर्टाचंही तेच.

क्षितिज पट्टीनं, हलक्या पेन्सिलीनं काढा आणि कागदाच्या मध्यावर ठेवू नका. आकाश बोलकं असेल तर क्षितिज खालच्या तिसऱ्या हिश्श्यात, वाळू-होड्या बोलक्या असतील तर वरच्या.

बोर्डाच्या वरच्या कडेखाली रंगाचा डबा सरकवून दहा-पंधरा अंश उतार द्या. आकाशाचा रंग आधीच भरपूर कालवून ठेवा, या मापाच्या कागदाला चार-पाच चहाचे चमचे तरी. अर्ध्यावर रंग संपून पुन्हा कालवायला गेलात की मधे कड पडणारच. वर अल्ट्रामरीनमध्ये थोडं सेरुलियन, खाली येताना पाणी वाढवत क्षितिजाजवळ यलो ऑकरचा अगदी पातळ अंश. हाच वॉश थांबवू नका, समुद्र आणि वाळूवरूनही पातळ करत खाली न्या. फक्त फेस आणि होडीवरचा उजेड कोरडा सोडा. समुद्रावर आकाशाचाच रंग असतो, म्हणून हा एक वॉश अख्ख्या चित्राला बांधून ठेवतो.

आता थांबायचं. इथे नाशिकची सवय मोडावी लागते. कागदाकडे तिरकस पाहा: चमक असेल तर ओला आहे. चमक गेली पण बोटांच्या मागच्या बाजूला थंड लागतोय, तर आतून अजून ओलसर. या मधल्या अवस्थेत पाणीदार ब्रश टेकवलात तर नवं पाणी जुन्या रंगाला ढकलतं आणि फ्लॉवरच्या कडांसारखा डाग उमटतो. तो डाग घासू नका, आणखी वाढतो. पूर्ण वाळू द्या आणि त्यात ढग बसतो का पाहा. दमट हवेत उपाय दोन: दोन कागद शेजारी लावून आलटून पालटून काम करणं, आणि दुसऱ्या थरापासून ब्रशमधलं पाणी निम्म्यावर आणणं. याच्या उलट, नाशिकच्या उन्हाळ्यात कागद दोन्ही बाजूंनी भिजवून घ्या किंवा रंग कालवायच्या स्वच्छ पाण्यात ग्लिसरिनचे तीन-चार थेंब टाका, वॉश जरा जास्त वेळ ओला राहतो.

वाळल्यावर लांबचा समुद्र. क्षितिजालगतचा पट्टा बहुतेक वेळा वरच्या आकाशापेक्षा गडद असतो, कारण लांबच्या लाटांच्या आपल्याकडे कललेल्या बाजूच दिसतात आणि त्यांच्यात डोक्यावरच्या जास्त निळ्या आकाशाचं प्रतिबिंब असतं. चपट्या ब्रशनं एका दमात आडवा ओढा. ब्रश अर्धवट कोरडा असेल तर कागदाच्या पोतावर पांढरे कण सुटतात, तीच पाण्यावरची चमक. चमक मुद्दाम ठिपके देऊन काढायला जाऊ नका.

रंगाबद्दल एक इशारा. पालघर किनाऱ्याचा समुद्र पर्यटनाच्या पोस्टरसारखा निळा नसतो. खाड्यांचा गाळ येतो, त्यामुळे काठाजवळचं पाणी मातकट हिरवट असतं: सेरुलियनमध्ये यलो ऑकर जवळजवळ तेवढाच, आणि चिमूटभर बर्न्ट सायना. वाळू राखाडी-तपकिरी, म्हणजे यलो ऑकर, थोडा लाइट रेड, आणि शांत करायला अल्ट्रामरीनचा एक टोक. फेस पूर्ण पांढरा फक्त उन्हात. सावलीतल्या फेसावर पातळ निळसर राखाडी फिरवा, नाहीतर तो कापसासारखा चिकटवलेला वाटतो.

फेस राखायला मास्किंग फ्लुइड (कागदाचा पांढरा झाकणारा, नंतर सोलून काढायचा रबरी द्रव) वापरत असाल तर कोरड्या कागदावरच लावा आणि त्याच बैठकीत काढा. उन्हात तापलं की ते कागदाला घट्ट धरतं आणि निघताना वरचा थर सोलून आणतं.

सुरूची झाडं पानं मोजत काढू नका. अल्ट्रामरीन, बर्न्ट सायना आणि थोडा लेमन यलो असा गडद हिरवा, एकसंध आकार, आणि वरच्या कडा कोरड्या ब्रशनं फाटलेल्या. होडी, तिची सावली आणि खालचा ओला डाग हे तिन्ही शक्यतो एकाच वेळी भरा, कडा एकमेकांत थोड्या मिसळू द्या. म्हणजे होडी वाळूवर बसते. दोर, काठ्या, झेंडे, माणसं शेवटच्या दहा मिनिटांत.

तैलरंग

1841 साली धातूच्या दाबून रिकाम्या करायच्या ट्यूब आल्या आणि तैलरंग घेऊन बाहेर पडणं सोपं झालं. तरी आजही या माध्यमात खरा त्रास रंगवण्यापेक्षा नेण्या-आणण्याचा.

पृष्ठभाग घरी तयार करा. प्लायवूडच्या दुकानातून 3 मिलिमीटर एमडीएफचे 8 गुणिले 10 इंचांचे तुकडे कापून घ्या. अ‍ॅक्रिलिक जेसोचे (रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे) तीन हात, प्रत्येक हात आधीच्याला आडवा, वाळल्यावर मधे 220 नंबरचा पॉलिश पेपर. कडा आणि मागची बाजूही बंद करा. उघडी राहिली तर किनाऱ्यावरचा दमटपणा शोषून तुकडा वाकतो. शेवटी बर्न्ट सायनाचा पातळ हात देऊन निदान एक रात्र वाळवा. पांढऱ्या पृष्ठभागावर छटा ओळखू येत नाहीत. या उबदार रंगावर निळा-राखाडी समुद्र आपोआप उठतो, आणि मधे मधे राहिलेल्या फटी वाळूचं काम करतात.

रंग: टायटॅनियम व्हाइट, अल्ट्रामरीन, सेरुलियन, यलो ऑकर, बर्न्ट सायना, लेमन यलो, अ‍ॅलिझरिन. पांढरा अंगठ्याच्या पेराएवढा काढा, बाकीचे शेंगदाण्याएवढे. पांढराच आधी संपतो. ब्रश राठ केसांचे चपटे, 4, 6 आणि 8 नंबर, आणि एक पॅलेट नाइफ.

टर्पेंटाइन ज्वालाग्राही आहे, रेल्वेत नेता येत नाही. बसमध्येही नको. स्वतःच्या गाडीनं जात असाल तरी घट्ट झाकणाच्या धातूच्या डबीत पन्नास मिलिलिटर पुरे, आणि उन्हात उभ्या गाडीत ती सोडू नका. लोकलनं डहाणू रोडला उतरणार असाल तर पातळ करणं सोडूनच द्या: ब्रश कपड्यानं पुसत काम करा, साफ करायला जवसाच्या तेलाची छोटी बाटली ठेवा, साबणानं धुणं घरी.

काम असं पुढे न्या. ब्रशवर पातळ बर्न्ट सायना घेऊन क्षितिज आणि तीन-चार मोठे आकार आखा. मग सर्वांत गडद जागा: सुरू, होडीचं बूड, खडक. हा थर पातळ ठेवा. त्यानंतर समुद्राची मधली छटा, मग आकाश, मग वाळू. अर्ध्या तासात पृष्ठभाग भरला पाहिजे, एकही कोपरा रिकामा नको, कारण शेजारचा रंग लागल्याशिवाय कुठलाच रंग बरोबर की चूक ते कळत नाही. मग वरून जाड रंग: लाटेची उजळ कड, फेस, ओल्या वाळूवरची चमक. आधी पातळ, वर तेलकट आणि जाड, हा क्रम मोडला तर वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर आकसतो आणि काही महिन्यांनी भेगा पडतात.

ओल्यावर ओला रंग लावताना रंग मातकट होतो याचं कारण बहुतेक वेळा दाब. ब्रश भरलेला आणि आडवा धरा, एकदा ठेवा, उचला, पुसा. त्याच जागी तीनदा फिरवलात की खालचा रंग वर येणार. तरी झालंच तर पॅलेट नाइफनं तेवढी जागा खरवडा आणि नव्यानं भरा.

वाळूचे कण उडून रंगात बसतात. ओल्यात टोकरू नका, खड्डे पडतात. चित्र वाळल्यावर ब्लेडच्या पात्यानं अलगद उडवा. वारा दुपारकडे वाढत जातो. तेव्हा ट्रायपॉडचे पाय पूर्ण लांब करू नका आणि मधल्या हुकाला वाळू भरलेली पिशवी अडकवा. छत्री ट्रायपॉडला बांधू नका, वारा छत्रीबरोबर चित्रही उचलतो आणि चित्र हमखास रंगाच्या बाजूवरच पडतं.

परत आणताना दोन चित्रं समोरासमोर धरून चार कोपऱ्यांत बाटलीच्या बुचाचे काप ठेवा आणि बाहेरून क्लिपा लावा. एकच चित्र असेल तर पिझ्झाच्या रिकाम्या खोक्यात तळाला टेपनं चिकटवा.

कोळीवाड्यात

सातपाटी, डहाणू, केळवे इथल्या बंदरांवर विषय भरपूर आहेत: रंगीत होड्या, बांबूंवर वाळणारे बोंबील, जाळी. पण ती माणसांच्या कामाची जागा आहे. जाळ्यांवर पाय देऊ नका, वाळत घातलेल्या मासळीवर सावली धरून बसू नका, आणि बसण्याआधी विचारा: "मावशी, इथं कडेला बसून चित्र काढलं तर चालेल का?" बहुधा चालतं. जेट्टीवर फोटोला मनाई असेल तर तो फलक मुकाट्यानं मानायचा. लिलावाच्या वेळी मात्र मधे येऊ नका, तेव्हा कुणालाच सवड नसते.

घरी आल्यावर

जलरंगाचं चित्र टेपसकट पूर्ण वाळू द्या, मग टेप कडेकडे तिरकी ओढून काढा. तैलचित्र सावलीत, धूळ नसलेल्या जागी उभं ठेवा. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, त्यामुळे नाशिकच्या जानेवारीतल्या थंडीत वेळ जास्त लागतो. बर्न्ट सायनाचे पातळ भाग दोन-तीन दिवसांत हाताला कोरडे लागतात, जाड पांढऱ्याला आठवडा किंवा जास्त. वॉर्निश सहा महिन्यांच्या आत नको.

जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या बोळा करून पिशवीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. तेल घट्ट होताना उष्णता सोडतं, बोळ्याच्या आत ती साठते आणि चिंधी आपोआप पेटू शकते. बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका.

ब्रश कोमट पाणी आणि अंगाच्या साबणानं, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा आणि आडवे वाळवा; उभे ठेवले तर पाणी धातूच्या टोपीत उतरतं, लाकूड फुगतं आणि केस सुटतात. ट्रायपॉड आणि स्टुलाचे सांधे गोड्या पाण्याच्या ओल्या कपड्यानं त्याच रात्री पुसून घ्या. खाऱ्या हवेचा मिठाचा थर राहिला तर पुढच्या फेरीला स्क्रू फिरत नाही.